परीक्षिताने गर्भात पाहिलं, आपण सोनोग्राफीत पाहतो



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध 1, अध्याय 12 (परीक्षिताचा जन्म)

काल अकराव्या अध्यायात श्रीकृष्ण द्वारकेला पोहोचले. आज कथा परत हस्तिनापुरात येते. शौनक ऋषी सूतांना विचारतात, अश्वत्थाम्याच्या अस्त्रातून वाचलेल्या त्या बाळाचं पुढे काय झालं?

ज्यांनी आठवा अध्याय वाचायचा राहून गेला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युद्ध संपलंय. अभिमन्यू गेला, द्रौपदीची पाचही मुलं गेली. पांडवांचा वंश आता फक्त उत्तरेच्या पोटात उरलाय. श्रीकृष्ण द्वारकेला निघण्यासाठी रथात बसताहेत आणि तेवढ्यात उत्तरा घाबरून धावत येते. अश्वत्थाम्याने सोडलेला जळता बाण तिला आपल्याकडे येताना दिसतोय. ती देवाला म्हणते, मी जळाले तरी चालेल, पण माझा गर्भ वाचव. भगवंत आपल्या योगमायेने तो गर्भ झाकून घेतात.

आजच्या अध्यायात तोच प्रसंग आतून दिसतो. गर्भातलं बाळ अस्त्राच्या तापाने पोळतंय आणि त्याला तिथे कुणीतरी दिसतं. अंगठ्याएवढा पुरुष, सावळा, पिवळं वस्त्र नेसलेला, चार हातांचा. हातात गदा घेऊन तो बाळाभोवती फिरतोय आणि सूर्य उगवल्यावर धुकं विरावं तसा तो ताप विरत चाललाय. बाळ विचार करतं, हा कोण? दहावा महिना भरतो आणि ती मूर्ती दिसेनाशी होते. जन्मानंतर ते मूल येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे निरखून बघतं, आत दिसलेला तो हाच का? म्हणून त्याचं नाव परीक्षित. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं, ‘परि’ म्हणजे चहूबाजूंनी. परीक्षा या शब्दाचा मूळ अर्थच नीट, सगळीकडून पाहणं असा आहे.

आता आजच्या चिंतनाचा विषय. तो माझ्या मनात आला एका वाचक ताईंच्या मेसेजमुळे.

ताईंचा प्रश्न

ताई पुण्यात राहतात, नोकरी करतात, रोज रात्री भागवताची चार पानं वाचतात. त्यांना विसावा आठवडा लागलाय. डॉक्टरांनी ॲनॉमली स्कॅनची तारीख दिली आहे, म्हणजे ती सविस्तर सोनोग्राफी, ज्यात बाळाचा मेंदू, मणका, हृदय, किडन्या, हातपाय एकेक करून तपासतात. सासूबाईंना ते आवडलेलं नाही. त्या म्हणतात, देवाने जे झाकून ठेवलंय ते उघडून बघू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईंनी लिहिलंय : “दादा, मला जायचं आहे. पण मनात सारखं येतं, ही तपासणी म्हणजे माझा देवावर विश्वास नाही असं होतं का? आणि काही निघालंच तर मी काय करू?”

त्यांच्या परवानगीने, नाव न देता, हा प्रश्न इथे घेतोय. खरं तर हे दोन प्रश्न आहेत. पहिला सोपा आहे. दुसरा अवघड आहे आणि त्यावर बोलताना मला जपून बोलावं लागणार आहे.

उत्तरा घरी बसून राहिली नाही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला उत्तरेच्या वागण्यात सापडतं. तिची श्रद्धा कमी होती असं कोण म्हणेल? पण बाण येताना दिसल्यावर ती डोळे मिटून, ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ म्हणत महालात बसली नाही. तिने संकट पाहिलं, ती धावली, तिने मदत मागितली. आणि देवही तिला म्हणाला नाही की इतका विश्वास नाही का तुझा! पाहणं आणि धावणं हाच तिच्या विश्वासाचा भाग होता.

आता सोनोग्राफीत काय होतं ते बघा. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. पोटात असेपर्यंत बाळाला काही त्रास नसतो, कारण प्राणवायू वारेतून मिळतो. जन्मानंतर मात्र हृदयाजवळची एक छोटी नळी आपोआप बंद व्हायला लागते आणि छान दिसणारं बाळ काही तासांत, काही दिवसांत निळं पडतं. हे आधी कळलं तर बाळंतपण मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होते अशा हॉस्पिटलजवळ ठरवता येतं. जन्मल्याबरोबर औषधाची ड्रिप लावून ती नळी उघडी ठेवतात आणि पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जागेवर आणतात. आधी कळलं नाही तर ते बाळ एखाद्या लहान गावात जन्मतं आणि मग ॲम्ब्युलन्सची धावपळ.

आईसाठीही तेच. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर कळा सुरू झाल्यावर इतका रक्तस्राव होऊ शकतो की जीव जातो. सोनोग्राफीत ते दिसतं आणि सिझेरियनची तारीख आधी ठरवता येते. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत वाढत असेल तर नळी फुटण्याआधी आई वाचते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये प्रत्येक गर्भवतीची 24 आठवड्यांच्या आत निदान एक सोनोग्राफी व्हावी असं सुचवलं, ते याच कारणांसाठी. यात एक्स-रेसारखे किरण नसतात. कारण असताना, जाणत्या हातांनी केलेल्या तपासणीने बाळाला इजा होते असं इतक्या दशकांत दिसून आलेलं नाही.

सासूबाईंची भीती मला खोटी वाटत नाही. त्यांच्या पिढीने बऱ्याच गोष्टी न बघताच सोसल्या. त्यांना सुनेला दुःखापासून लांब ठेवायचंय, एवढाच त्याचा अर्थ. पण ताई, तुम्ही जा. आणि जमलं तर सासूबाईंनाही बरोबर न्या. बाळाच्या हृदयाचे ठोके स्क्रीनवर लुकलुकताना बघितल्यावर त्यांचं मत आपोआप बदलेल असं मला वाटतं.

यंत्र नक्की काय बघतं?

दुसऱ्या प्रश्नाकडे जाण्याआधी हे समजून घेतलेलं बरं. आपण म्हणतो, ‘सोनोग्राफीत दिसलं’. पण तिथे कॅमेरा नसतो. प्रोब पोटावर टेकवतात, त्यातून आवाज आत जातो आणि आपल्याला मिळतो त्याचा प्रतिध्वनी. माणसाच्या कानाला साधारण सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या तपासणीत वापरतात त्या आवाजाची कंपनं सेकंदाला 20 ते 50 लाखांच्या घरात असतात. प्रोब आणि त्वचेमध्ये हवा राहिली तर जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो, म्हणून ते गार जेल लावतात. आवाज शरीरात सेकंदाला 1540 मीटर वेगाने जातो असं धरून यंत्र हिशेब करतं आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र मांडतं.

पित्ताशयातला खडा कसा ओळखतात माहितेय? खड्यावरून आवाज परत फिरतो म्हणून तो पांढरा दिसतो, आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. ती सावली बघून डॉक्टर सांगतात, हा खडा आहे. आपल्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात, तोच प्रकार. सोनोग्राफी म्हणजे प्रत्यक्ष आणि अनुमान यांची सरमिसळ आहे. त्यामुळे रिपोर्टच्या खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की रुग्णाच्या लक्षणांशी ताडून बघा, आणि सगळेच दोष या तपासणीत दिसतात असं नाही.

हे का सांगतोय? कारण आपल्या पिढीची सवय वेगळी आहे. रिपोर्टची पीडीएफ फोनवर आली की डॉक्टरांना भेटण्याआधी आपण गुगल करतो. बाळाच्या हृदयात एक पांढरा ठिपका दिसला, एवढं एक वाक्य असतं आणि घरात आठवडाभर कुणी नीट जेवत नाही. तसा ठिपका पूर्ण निरोगी बाळांमध्येही दिसतो आणि बाकी सगळं ठीक असेल तर बहुतेक वेळा त्याचा काही अर्थ नसतो. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेली वार बऱ्याचदा पुढे गर्भाशय वाढलं की वर सरकलेली असते. परीक्षा म्हणजे चहूबाजूंनी पाहणं. एका ओळीवर निकाल लावणं म्हणजे अर्धवट पाहणं.

आधी तर कंसालाही कळलं होतं

आता मुद्द्याचं. जे झाकलेलं आहे ते आधी कळणं, हे भागवतात एकदाच येत नाही. दहाव्या स्कंधात कंसालाही आकाशवाणीने आधीच कळतं, देवकीचा आठवा मुलगा तुझा काळ आहे. त्या माहितीचं कंसाने काय केलं? पहिलं बाळ वसुदेवाने शब्द पाळून आणून दिलं तेव्हा त्याने ते परत केलं होतं. पुढे भीती वाढली आणि त्याने एकामागून एक सहा बाळं मारली. शेवटी त्याच्या हाती मुलगी आली. देवकीने पदर पसरला, ही मुलगी आहे, हिला तरी सोड. त्याने तिला पायाला धरून शिळेवर आपटलं. ती त्याच्या हातातून निसटून आकाशात गेली, ती योगमाया होती.

आणि वसुदेव? ज्या रात्री बाळ जन्मलं त्या रात्री हे बाळ कोण आहे हे त्यालाही कळलं होतं. त्याने बाळ टोपलीत घेतलं आणि भर पावसात यमुना ओलांडली.

दोघांनाही कळलं होतं. कंसाला स्वतःला वाचवायचं होतं, म्हणून बाळ मेलं. वसुदेवाला बाळाला वाचवायचं होतं, त्यासाठी त्याने स्वतःचा जीव धोक्यात घातला. उत्तरेचं वाक्य पुन्हा आठवा, मी जळाले तरी चालेल. माझ्या मते पाहण्याचा धर्म आणि अधर्म इथे ठरतो. जे पाहिलं त्यातून कुणाचं रक्षण होणार आहे, आणि त्याची किंमत कोण देणार आहे?

सोनोग्राफीचा इतिहास बघितला तर हे फार स्पष्ट दिसतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड 1955 मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत टाकून रेनफ्रूच्या एका बॉयलर कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र होतं. ते माणसाच्या शरीरावर चालेल का, हे त्यांना बघायचं होतं. पुढे डॉ. जॉन मॅकव्हिकार आणि इंजिनीअर टॉम ब्राऊन यांच्याबरोबर त्यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध लिहिला. त्या काळातली एक रुग्ण होती. तिला पोटाचा ऑपरेशन न होण्यासारखा कॅन्सर आहे असं समजलं गेलं होतं. यांच्या यंत्रात ती अंडाशयातली पाण्याची मोठी गाठ निघाली. गाठ काढली, बाई बरी झाली. या विद्येची सुरुवात अशी कुणालातरी मरणाच्या दारातून परत आणण्याने झाली.

आणि तीच विद्या आपल्याकडे आल्यावर आपण काय केलं? महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. या आकड्यांमागे मुली जन्माला येण्याआधीच नाहीशा झालेल्या आहेत. ज्या राज्यात घरोघरी हरिपाठ होतो, तिथे हे झालं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदाही महाराष्ट्रानेच 1988 मध्ये केला, मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी लावून धरल्यामुळे. देशाचा कायदा 1994 चा, तो 1996 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये आणखी कडक झाला. त्यामुळे सोनोग्राफी सेंटरमध्ये ती पाटी दिसते आणि फॉर्म भरून सही घेतात. मुलगा की मुलगी हे डॉक्टरांनी बोलून तर नाहीच, खुणेनेही सांगायचं नाही. म्हणजे डॉक्टरांना दिसलं तरी त्यांनी ते गिळून टाकायचं. मला हे एक व्रतच वाटतं. आपल्याला कळलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला सांगायलाच हवी असं नसतं. ऐकणाऱ्याच्या हातात ती सुरक्षित आहे का, हेही बघावं लागतं.

अमेरिकेत राहणारे माझे काही वाचक विचारतील, आमच्याकडे तर विसाव्या आठवड्यात डॉक्टर सहज सांगतात, लोक केक कापतात, मग ते पाप का? मला तसं वाटत नाही. मुलगी आहे हे कळण्यात काहीच वाईट नाही. वाईट आहे ते कळल्यावर चेहरा पडण्यात, आणि त्यापुढे जे होतं त्यात. तो चेहरा मात्र विमानात बसून आपल्याबरोबर तिकडेही जातो. तेव्हा केक कापण्याआधी आपण दोन्ही रंगांना सारखेच तयार आहोत का, एवढं मनाशी तपासून बघा.

काही निघालंच तर?

आता ताईंचा दुसरा प्रश्न. बहुतेक स्कॅनमध्ये काळजीचं काही निघत नाही, हे आधी सांगतो. पण कधी निघतं. आणि कधी असं निघतं की त्यावर उपाय नसतो. कवटी आणि मेंदू तयारच झालेला नाही, बाळ जन्मलं तरी काही तास, काही दिवस. वसुदेव आणि कंस ही माझी वरची विभागणी इथे अपुरी पडते, कारण इथे ओलांडायला यमुनाच नाही. बाळाला कुठेच नेता येत नाही.

आपल्या कायद्यात अशा परिस्थितीसाठी वाट आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर 24 आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्ड गर्भपाताला परवानगी देऊ शकतं. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून आईचं मन मोकळं होत नाही. काही आईवडील तो निर्णय घेतात. काही म्हणतात, जितका वेळ आहे तितका वेळ बाळ आमचं, आणि नऊ महिने पूर्ण करतात. शास्त्रातून एक ओळ काढून या दोघांपैकी एकाला पुण्यवान आणि एकाला पापी ठरवायला मी तयार नाही. ज्यांना त्या खोलीत बसावं लागलेलं नाही त्यांनी ते करूही नये.

पण निर्णय घेणाऱ्याने स्वतःला विचारावा असा एक प्रश्न उत्तरेने आपल्याला दिलाय. मी कुणाला वाचवतोय? बाळाला होणाऱ्या वेदना, आईचा जीव, आईचं मन यांचा विचार करून घेतलेला निर्णय वेगळा. लोक काय म्हणतील, फॅमिली फोटोत कसं दिसेल, आपल्या करिअरच्या प्लॅनचं काय, अशा विचाराने घेतलेला वेगळा. बाहेरून दोन्ही सारखे दिसतील. फॉर्मवर सही सारखीच असेल. फरक आत असतो आणि तो फक्त त्या दोघांना आणि देवाला माहीत असतो. ओठ दुभंगलेला आहे म्हणून, किंवा पाऊल वाकडं आहे म्हणून बाळ नको असं वाटायला लागलं, तर थांबून हा प्रश्न नक्की विचारा. या दोन्हींवर आज चांगले उपचार आहेत.

आणि एक विनंती आपल्या सगळ्यांना, म्हणजे सत्संगात बसणाऱ्या मंडळींना. अशा वेळी त्या मुलीला ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’ असं सांगू नका. हे वाक्य मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते ऐकून आलेल्या आया मला लिहितात. भागवत उघडून बघा. उत्तरा धावत आली तेव्हा तिथे कुणी तिला तिचं कर्म विचारलं नाही. बाण दुसऱ्याने सोडलेला होता, गर्भ निष्पाप होता, आई निष्पाप होती. भगवंतांनी आधी झाकलं, वाचवलं. कर्मसिद्धांत आपण स्वतःच्या वागण्याकडे बघताना वापरायचा आहे. दुसऱ्याच्या जखमेवर तो मिठासारखा लागतो. ग्रहण, कात्री, पपई असले दोषही आईच्या गळ्यात घालू नका. तिला डबा नेऊन द्या, तिच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये बसा, तिच्या नवऱ्याशीही बोला, कारण त्याला कुणीच विचारत नाही.

सात दिवस

आजच्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण घाईत वाचून जातो. परीक्षिताच्या जन्मानंतर युधिष्ठिर ब्राह्मणांना विचारतो, हे मूल कसं होईल? ते सांगतात, प्रजेचं रक्षण करेल, रामासारखा सत्यवचनी होईल, शिबीसारखा दाता होईल. आणि मग सांगतात, ऋषिपुत्राच्या शापामुळे तक्षकाच्या दंशाने याचा मृत्यू होईल, हे कळल्यावर तो सगळं सोडून हरिचरणी जाईल.

विचार करा. नुकतंच जन्मलेलं बाळ मांडीवर आहे आणि त्याचा मृत्यू कसा होणार हेही सांगून झालंय. म्हणून त्या घराने त्या मुलावर कमी प्रेम केलं का? ज्याला कधीतरी मरायचंय असं मूल त्यांनी लाडाने वाढवलं. तसं बघितलं तर सगळेच आईवडील हेच करतात, फक्त आपल्याला कुणी तारीख सांगत नाही.

पुढे तो दिवस आला आणि परीक्षिताला कळलं, सात दिवस उरलेत. तो गंगेच्या काठी जाऊन बसला आणि शुकदेवांना विचारलं, मरणाऱ्या माणसाने काय करावं? आपण रोज वाचतो ते अख्खं भागवत या प्रश्नातून आलंय. आणि लक्षात घ्या, त्या वेळी परीक्षिताच्या हातून चूक झालेली होती, त्याने ध्यानस्थ ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला होता. तरीही तिथे जमलेल्या ऋषींनी त्याला त्याची चूक उगाळून दाखवली नाही. ते त्याच्याजवळ बसले.

धृतराष्ट्राला युद्धाआधी व्यासांनी दृष्टी देऊ केली होती. तो म्हणाला, मला बघायचं नाही, नुसतं सांगा. पण न बघितल्याने त्याची मुलं वाचली नाहीत. आपल्यातही धृतराष्ट्र खूप आहेत. छातीत गाठ लागते आणि बाई सहा महिने कुणाला सांगत नाही. बाबांना चालताना धाप लागते, डॉक्टरांनी टू-डी इको सांगितलाय, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच, पण ते म्हणतात दिवाळीनंतर बघू. काही निघालं तर, ही भीती. पण जे निघायचंय ते आत आहेच. आपण बघितलं नाही म्हणून ते थांबत नाही. लवकर दिसलं तर बऱ्याचदा उपचाराला वेळ मिळतो. आणि उपचार नसलाच, तर परीक्षितासारखे आपल्याला आपले सात दिवस मिळतात.

म्हणून ताई, तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. टेबलावर झोपाल, गार जेल लागेल, खोलीत अंधार असेल, डॉक्टर काही वेळ काहीच बोलणार नाहीत आणि तेवढ्यात तुम्हाला टेन्शन येईल. तेव्हा नाम घ्या. पण ‘सगळं नॉर्मल निघू दे’ या एका मागणीवर थांबू नका. असंही म्हणा, ‘जे दिसेल ते पाहून याचं रक्षण करण्याची बुद्धी दे.’ स्क्रीनवर डॉक्टरांना काय दिसेल ते मला माहीत नाही. पण परीक्षिताला जो दिसला तो कुठल्याही प्रोबला दिसत नाही, आणि तो तिथे बाळाभोवती फिरतो आहे यावर माझी श्रद्धा आहे. रिपोर्ट चांगला असो की वाईट, त्यामुळे त्याचं तिथलं असणं बदलत नाही.

आजची साधना

1. घरात कुणाची तपासणी भीतीमुळे पुढे ढकलली जात असेल तर आज त्यांच्याशी बोला आणि अपॉइंटमेंट घ्या. जाताना बरोबर जा.

2. एखाद्याची आजारपणाची किंवा गरोदरपणाची बातमी तुमच्यापर्यंत आली असेल तर ती पुढे पाठवण्याआधी विचारा, ही पुढे जाऊन कुणाचं रक्षण होणार आहे का?

3. बाराव्या अध्यायातला गर्भातल्या दर्शनाचा भाग आज एकदा सावकाश वाचा, जमल्यास आईजवळ बसून.

उद्या तेरावा अध्याय. विदुर तीर्थयात्रेहून परत येतो आणि धृतराष्ट्राला, जो कधीच बघायला तयार नव्हता, त्याला बघायला लावतो. नक्की वाचून या.

राम कृष्ण हरी 🙏